रोल नंबर चव्वेचाळीस

माझा रोल नंबर ४३ आणि त्याचा ४४. आडनावांच्या आद्याक्षरांनी आम्हाला एका टेबलाशी आणून उभं केलं. १९९२ चा पावसाळा, सोलापूरचं दयानंद कॉलेज, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष आणि केमिस्ट्रीची लॅब. दोघांत एक ब्युरेट. लॅबच्या मामांनी काचसामान मोजून दिलं आणि बजावलं, की फुटलं तर दोघांकडून निम्मे निम्मे पैसे भरून घेणार. त्यानं ब्युरेट दोन्ही हातांनी उचलली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "तू हात लावू नको बे, मी धरतो."

त्यानंतरची बत्तीस वर्षं आम्ही एकमेकांना नावानं हाक मारली नाही. तो मला त्रेचाळीस म्हणायचा, मी त्याला चव्वेचाळीस. त्याच्या आईला मराठी जेमतेम यायचं. मी दारात दिसलो की ती आत वळून तेलुगूत ओरडायची, "नलभै मूडू आला रे!" मला तेलुगूतला पहिला शब्द कळला तो माझाच आकडा.

त्याचं घर पूर्व भागात, साखर पेठेच्या आतल्या बोळात. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पूर्व भाग म्हणजे विणकरांचं सोलापूर. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली मंडळी तिथं राहतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा अख्खा भाग रस्त्यावर असतो. एरवी सगळा भाग घरात, मागावर. त्याच्या घराच्या खालच्या खोलीत दोन यंत्रमाग होते आणि वरच्या खोलीत माणसं. आई आणि थोरली अक्का उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. मजुरी हजारावर. हजार विड्या झाल्याशिवाय त्या दोघी उठलेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत. तेंदूच्या पानाचा आणि तंबाखूचा वास, खालून मशीन ऑइलचा वास आणि सतत खडखट्‌ खडखट्‌. धोटा इकडून तिकडे जायचा तेव्हा जिना हलायचा.

त्या आवाजात वाढल्यामुळे त्याच्या घरातले सगळेच मोठ्यानं बोलत. तो तर लायब्ररीतसुद्धा समोरच्या माणसाला पलीकडच्या गल्लीत असल्यासारखा बोलायचा. लायब्ररीयन सर चिडायचे. तो खरोखर ओशाळायचा, आवाज खाली आणायचा आणि दोन मिनिटांत पुन्हा तितकाच मोठा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं मला तिच्याविषयी बोलायचं आहे.

टायट्रेशन त्याला फार आवडायचं. ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, खाली शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. वरून थेंब थेंब सोडत राहायचं. पडला की गुलाबी रंग उमटतो, फ्लास्क हलवला की विरतो. मग एक थेंब असा येतो की रंग विरत नाही. तो थेंब येईपर्यंत तो श्वास धरून उभा असायचा. मग वाकून, डोळा पातळीच्या रेषेत आणून, खालच्या वक्राचं रीडिंग घ्यायचा. सलग तीन वेळा सारखं रीडिंग यायला हवं असा नियम. बाकी सगळी बॅच पहिलं रीडिंग घेऊन पुढची दोन तशीच लिहून मोकळी व्हायची. १०.२, १०.२, १०.२. आमच्या जर्नलमध्ये मात्र १०.२, १०.३, १०.२ असायचं आणि मग चौथं, पाचवं. बॅच चहाला गेलेली असायची आणि आम्ही दोघं लॅबमध्ये. मी वैतागायचो. "लिही की बे सारखं, कोण बघतंय?" तो फ्लास्क धुता धुता म्हणायचा, "मी बघितलंय की."

पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर मी पहाटे पेपर टाकायला लागलो. वडील गिरणीत होते, पण गिरणीची लक्षणं बरी नव्हती. पगार कधी यायचा, कधी नाही. गिरण्यांच्या जिवावर उभं राहिलेलं गाव आमचं. पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, ती 'जुनी गिरणी' आमच्या जन्माआधीच बंद पडलेली. बाकीच्यांचे भोंगे आमच्या लहानपणी वाजत होते. चाळीत घड्याळ नसलं तरी चालायचं. तर चार वाजता उठून मी पेपर टाकायचो, सहाला घरी येऊन टेकायचो आणि डोळा लागायचा तो साडेसातचा तास उलटून गेल्यावर उघडायचा. हजेरी कमी पडायला लागली. वर्गात सर्रास एकमेकांची प्रॉक्सी चालायची. मीही त्याला म्हटलं, माझ्या नंबरला 'येस सर' म्हण. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, दोन्ही एका दमात.

तो म्हणाला, "नाही म्हणणार."

"का?"

"तू नसलास तर तू हायस म्हणून कसं सांगू बे?"

मला त्याचा भयंकर राग आला. घरची परिस्थिती माहीत असून हा असं म्हणतो. चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. टेबलाशी शेजारी उभं राहून आम्ही मुक्यानं टायट्रेशन केलं.

पाचव्या दिवशी पावणेसातला चाळीच्या नळापाशी सायकलची घंटी वाजली. वाजत राहिली. शेजारच्या काकू ओरडल्या, "अरे कोण मेला आलाय बघ तुझ्याकडं!" मी डोळे चोळत बाहेर आलो. तो सायकलवर एक पाय टेकवून उभा. साखर पेठेतून गावाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या चाळीपर्यंत आलेला. त्याच्या घरापासून कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर, हे मला माहीत होतं.

"काय करलालास बे अजून? बस मागं. प्रॉक्सी देणार नाही, घेऊन जाईन."

तो मार्चपर्यंत रोज आला. पुढच्या वर्षीही आला. त्यानं मला कधी झाकलं नाही. मास्तरांपुढे माझी बाजू घेऊन खोटं बोलला नाही, माझं चुकलं तर सगळ्यांदेखत चुकलं म्हणाला. कॉलेजात मला यारीदोस्तीच्या आणाभाका घेणारे पुष्कळ भेटले. पण मी जिथं पोचायला हवं तिथं मला नेऊन पोचवणारा हा एकच. मी 'निष्ठा' हा शब्द वाचतो तेव्हा मला त्याच्या सायकलच्या कॅरिअरची पट्टी आठवते. एका बाजूला वाकलेली, बसलं की मांडीला रुतणारी.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही त्या कॅरिअरवर गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लेझमा खेळून, मिरवणूक संपवून आम्ही उशिरा झोपलो होतो. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. चाळीतली भांडी फळ्यांवरून खाली आली. सगळे अंगणात. उजाडेपर्यंत कुणाला काही कळेना, मग रेडिओवर किल्लारीचं नाव यायला लागलं. आठच्या सुमारास घंटी वाजली. त्याच्या सायकलच्या पुढच्या दांड्यावर चादरींचा एक गठ्ठा बांधलेला.

"सिव्हिलला चल. गाड्या येऊलालेत."

तो गठ्ठा कसा आला ते त्यानं वाटेत सांगितलं. घरात डागी चादरी वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. विणताना धागा तुटलेल्या, नक्षी चुकलेल्या, बाजारात अर्ध्या किमतीला जाणाऱ्या. त्यानं त्याच बांधायला घेतल्या. वडील मागावरून उठले, गाठ सोडली आणि म्हणाले, "मंचिवि इय्यी." चांगल्या दे. व्यापाऱ्याला द्यायच्या तयार मालातून त्यांनी स्वतः वीस चादरी मोजून दिल्या. दोन मागांच्या माणसाच्या वीस चादरी म्हणजे किती, हे विणकराच्या घरी बसल्याशिवाय कळत नाही.

सिव्हिलमध्ये त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस किल्लारी, सास्तूर भागातून जखमी येत राहिले. ट्रकमधून, एसटीतून, जीपमधून. आम्ही स्ट्रेचर धरले, रक्त दिलं, पाणी वाटलं. एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. पाय चिरडलेला. केसांत, कानांत, पापण्यांत पांढरी माती. ती रडत नव्हती. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि ओल्या फडक्यानं तिच्या पापण्यांवरची माती एक एक कण करून काढत राहिला, टायट्रेशनला उभा राहायचा तसा श्वास धरून. तिला चादर पांघरली तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, "ही परत द्यायची का?" तो एरवी इतका मोठ्यानं बोलणारा, त्याचा आवाजच फुटला नाही. त्यानं नुसती मान हलवली.

तिसऱ्या वर्षाला असताना वडिलांची गिरणी बंद पडली. देणी अडकली. माझ्या मते तो आमच्यावर झालेला अन्याय होता आणि आजही माझं मत तेच आहे, पण तो विषय निराळा. मी कॉलेज सोडून नव्या पेठेत एका कापडदुकानात उभा राहिलो. चव्वेचाळीस दुकानात आला, मालकासमोर माझ्याकडून एक रुमाल विकत घेतला आणि गेला. मला वाटलं, समजून घेतलं यानं. दुसऱ्या दिवशी रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी बाहेर सायकल. कॅरिअरला जर्नल लावलेलं. पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी दिव्याखाली आम्ही बसलो. त्यानं दिवसभराची रीडिंग्ज सांगितली. "आकडे माझे हायत. गणित तू करायचं. तुझ्या जर्नलमध्ये लिहायचं नाही. हे नुसतं शिकायला. प्रॅक्टिकल तुला स्वतःला करावं लागंल." मग त्यानंच सरांना गाठलं आणि खरं ते सांगून रविवारी लॅब उघडून घेतली. सर आले. त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही.

महिनाभर आम्ही त्या दिव्याखाली बसलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली आमच्या गावची चार माणसं आमच्या डोक्यावर उभी आणि खाली आम्ही मोलॅरिटी काढतोय. तो गणित तपासताना मधेच वर बघायचा. म्हणायचा, "बघ की, चौघं चार पेठांतले, चार जातीधर्मांतले. कुणी कुणाला सोडून पळालं नाही." मी ऑर्गॅनिकच्या पेपरला जेमतेम तरलो, पण तरलो. शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतली. आमच्या वेळी सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते २००४ साली झालं.

त्याला पहिला वर्ग मिळाला. एम.एस्सी. करायची फार इच्छा होती. वडिलांचा दमा वाढला आणि तो मागावर बसला. त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी नोकरीसाठी पुण्याला निघालो तेव्हा स्टेशनवर त्यानं एक पिशवी हातात दिली. आत सोलापुरी चादर. गडद निळी, पांढरी नक्षी. उलगडून बघितली तर एका कडेला मोराच्या मानेशी धागा तुटून नक्षी अर्धं बोट सरकलेली आणि तिथं एक बारीकशी गाठ. डागी. मी जरा खट्टू झालो आणि ते लपवता आलं नाही. तो म्हणाला, "चांगली दिली असती तर तू ट्रंकेत ठेवली असतीस. ही वापरशील."

ती मी वापरली. पुण्यातल्या खोलीवर, नंतर लग्न झाल्यावर, मुलीच्या बाळपणी. धुऊन धुऊन निळा रंग राखाडी झाला. मोराची मान कुठली ते आता ओळखू येत नाही. गाठ अजून आहे. अंधारात बोट फिरवलं तरी लागते.

मधली वर्षं भरभर गेली, तशी सगळ्यांचीच जातात. चादरींचा बाजार उतरला तसा तो टॉवेलकडे वळला. सुताचे भाव, विजेचं बिल, कामगार मिळेनात, हे फोनवर ऐकायचो. सुरुवातीला मी दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला जायचो. संक्रांतीच्या आसपास, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज पेलत संमती कट्ट्याशी येतात, अक्षता पडतात आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर होतो. त्या गर्दीत तो माझं मनगट धरून ठेवायचा, चुकामूक होऊ नये म्हणून. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं, एकानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मग माझे आईवडील गेले, चाळ सुटली, आणि माझं सोलापूरला जाणं कमी होत होत थांबलं. पुण्याहून गाडीनं चार तासांचं अंतर. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसलं की रात्री घरी. मी चार वर्षं बसलो नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. मी कामात होतो, स्पीकरवर ठेवून बोललो. त्याचा आवाज बारीक येत होता. इतका बारीक मी कधी ऐकलाच नव्हता. एवढ्या वर्षांत त्याच्या फोनमागे खडखडाट असायचा आणि त्याच्यावर चढून तो बोलायचा. त्या रात्री मागे काही नव्हतं. मी विचारलं, "का बे चव्वेचाळीस, माग बंद हाय का?"

थोडा थांबून तो म्हणाला, "हां. बंद हाय."

मी म्हटलं, बरं झालं, जरा आराम कर. दोन इकडचं तिकडचं बोलून मी फोन ठेवला.

नोव्हेंबरात तो गेला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मला दुपारी कळलं, मी रात्री पोचलो, तोवर सगळं उरकलं होतं. बोळात मी शिरलो तेव्हा पायाखालची जमीन हलत नव्हती, हे पहिल्यांदा जाणवलं. खालच्या खोलीत माग नव्हते. जमिनीत रोवलेले आठ बोल्ट तेवढे वर आलेले, आणि त्यांच्याभोवती तेलाचे काळे चौकोन. माग भंगारात गेले होते, औषधपाण्यासाठी. भिंतीवर उंचावर सुताचे तंतू अजून चिकटलेले होते.

वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, आठवड्यातनं तीनदा डायलिसिस होतं, दीड वर्ष. मी विचारलं, मला का नाही कळवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही.

"सांगितलं की तुम्हाला. माग बंद हाय म्हणून. फोन ठेवल्यावर हसले. मला म्हणले, गड्यानं बरोबर ओळखलं, पण त्याला कळलं नाही."

त्या घरात मी त्या रात्री फार वेळ बसून होतो. बाहेर एक रिक्षावाला येऊन उभा राहिला. त्याला उद्याचं विचारायचं होतं. डायलिसिसला याच्याच वेळेला नई जिंदगी वस्तीतले एक म्हातारे मामा यायचे. एकटे. मधेच यायचे थांबले, तेव्हा यानं पत्ता काढला आणि त्या दिवसापासून रिक्षा आधी नई जिंदगीला न्यायची, मामांना घ्यायचं, मग दवाखाना, असं सुरू झालं. स्वतःला धड बसवत नव्हतं तेव्हाही. रिक्षावाला दारात चप्पल काढून उभा होता. वहिनींना म्हणाला, "अक्का, उद्या मामांची तारीख हाय. मी घेऊन जातो. भाड्याचं बघू नंतर." आणि गेला.

मी त्याच्या मागोमाग बोळाच्या तोंडापर्यंत गेलो. काहीतरी बोलायचं होतं. मला पैसे देण्यापलीकडं काही सुचलं नाही. त्यानं ते घेतले नाहीत.

यंदा जानेवारीत, गड्डा संपल्यावरच्या रविवारी, आमच्या बॅचचे पस्तीसएक जण सोलापुरात जमलो. होटगी रोडवरच्या एका हॉलमध्ये. केमिस्ट्रीचे सर आले होते, रविवारी लॅब उघडणारे तेच. ऐंशीच्या पुढचे, नातवाचा हात धरून. कुणीतरी जुन्या यादीची प्रत मिळवली होती. जेवणाआधी सरांनी हजेरी घ्यायची ठरलं. सरांनी चष्मा चढवला, पेन मागून घेतलं आणि त्याच जुन्या चढ्या सुरात नंबर घ्यायला सुरुवात केली. सगळी पन्नाशीतली माणसं पोरांसारखी ताठ बसली.

"एक्केचाळीस."

"येस सर."

"बेचाळीस." बेचाळीस नागपूरला होता, कुणी काही बोललं नाही. सरांनी खूण केली.

"त्रेचाळीस."

"येस सर," मी म्हणालो.

"चव्वेचाळीस."

हॉल गप्प झाला. मग मागच्या रांगेतून एक जण पूर्ण आवाजात म्हणाला, "येस सर!" त्याच्यापाठोपाठ दुसरा, मग चार-पाच जण एकदम. कुणाचा तरी आवाज चिरकला. सगळ्यांनी मनापासून म्हटलं होतं, त्यात मला शंका नाही. सरांनी पेन कागदावर टेकवलं आणि ते माझ्याकडं बघत राहिले. तीन वर्षं त्यांनी आम्हाला एकाच टेबलाशी पाहिलं होतं.

मी उभा राहिलो.

"ॲब्सेंट, सर."

सरांनी मान हलवली, कागदावर खूण केली आणि पुढचा नंबर घेतला.